फिरलेल्या वर्षाचा हिशेबही सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत ‘गॅप इयर’, म्हणजे शिक्षणातून वर्षभराची सुट्टी, घेऊन भटकणाऱ्या आणि त्याचे व्हिडिओ करणाऱ्या तरुण मुलामुलींवर लेख आला होता. लेख चांगला होता, फोटो त्याहून चांगले होते. पालकांची बाजू होती, समुपदेशकांची होती, नोकऱ्या देणाऱ्या कंपन्यांचीही होती. माझ्या टेबलाची बाजू तेवढी राहिली, म्हणून हे पत्र. लांबलं तर कात्री लावा, पण हिशेबाचा भाग कापू नका.

मी अकोले तहसील कचेरीच्या बाहेर अर्ज आणि प्रतिज्ञापत्रं टाइप करून देते. (विदर्भातलं अकोला नव्हे, अहिल्यानगर जिल्ह्यातलं अकोले. एवढं दरवेळी सांगावंच लागतं.) टेबल आधी वडिलांचं होतं. त्यांच्या वेळी त्यावर टाइपरायटर होता, आता माझा लॅपटॉप आणि प्रिंटर आहे, आणि पावसाळ्यात दोन्हींवर टाकायला प्लास्टिकचा कागद. उत्पन्नाचा दाखला, वारस नोंद, रेशनकार्डात सुनेचं नाव, जन्माची उशिरा नोंद, हे वर्षभर चालतं. बारावीचे निकाल लागले की गॅपवाले येतात.

शहरातल्या वाचकांना माहीत नसेल म्हणून सांगते. बारावीनंतर किंवा पदवीच्या मध्येच एखादं वर्ष मूल कॉलेजात नव्हतं, तर पुढच्या प्रवेशाच्या वेळी ‘गॅप सर्टिफिकेट’ मागतात. नाव सर्टिफिकेट असलं तरी ते कुठलं कार्यालय देत नाही. मुलाने स्वतःच स्वतःबद्दल सत्यप्रतिज्ञेवर लिहून द्यायचं आणि नोटरीचा किंवा नायब तहसीलदारांचा सही-शिक्का घ्यायचा. मजकूर ठरलेला असतो. ‘सन अमुक ते अमुक या कालावधीत मी कोणत्याही शाळेत अथवा महाविद्यालयात प्रवेश घेतलेला नव्हता, तसेच कोणत्याही गैरकृत्यात माझा सहभाग नव्हता.’ म्हणजे एकोणीस वर्षांच्या पोराने वर्षभर घरी बसल्याबद्दल आधी आपण चोरी केली नाही हे सांगायचं. मध्ये कारणासाठी एक कोरी जागा. खाली, मजकूर खोटा आढळल्यास शिक्षा कुठल्या कलमाने होईल ते. पूर्वी आम्ही दंड संहितेची १९९ आणि २०० ही कलमं लिहायचो; १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या न्याय संहितेची २३६ आणि २३७ लिहितो. मुलं अजून कुठून तरी जुनाच नमुना झेरॉक्स करून आणतात, मी कलमं बदलून देते. मुद्रांकाचं आणखी वेगळं. ऑक्टोबर २०२४ मध्ये शंभराच्या जागी पाचशेचा मुद्रांक आला, मग मार्च २०२५ मध्ये विद्यार्थ्यांच्या दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्रांना तो माफ असल्याचं महसूलमंत्र्यांनी जाहीर केलं. तरी प्रवेशाच्या खिडकीवर एखादा ‘मुद्रांकावरच आणा’ म्हणतोच, आणि पोरगं परत माझ्याकडे येतं.

तर ती कोरी जागा. तिथे काय लिहायचं हे मुलं घरूनच ठरवून येतात. पूर्वी तिथे ‘घरगुती अडचण’ असायचं आणि ती अडचण खरी असायची: बाप गेलेला, आई दवाखान्यात, बहिणीचं लग्न, कांद्याला भाव नाही. मग ‘नीटची तयारी’ आणि ‘स्पर्धा परीक्षा’ आल्या. गेल्या काही वर्षांत तिसरीच जात आली आहे. खांद्याला मोठी सॅक, हलताना चित्र स्थिर राहावं म्हणून मोबाइलला लावायची ती गिंबल, मनगटापासून वर रापलेले हात. तब्येत ठणठणीत. आणि कारण विचारलं की म्हणतात, ‘आजारपण टाका ना ताई.’

गेल्या जूनमध्ये मुळा खोऱ्यातला एक मुलगा आला. संगमनेरला बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होता, मध्येच सोडून वर्षभर गायब, आता पुन्हा प्रवेश घ्यायचा होता. त्याच्याशी झालेलं बोलणं जसंच्या तसं देते.

‘काय झालं होतं तुला?’
‘काही नाही.’
‘मग होतास कुठं?’
‘स्पीतीला. मग जम्मूला. मग घरीच, एडिटिंग.’
‘मग तेच लिहू.’
‘तसं लिहिलं तर ॲडमिशन देतील?’

मला याचं उत्तर माहीत नव्हतं. गर्दी नव्हती, म्हणून म्हटलं, दाखव तरी काय केलंस ते. त्याने फोन पुढे केला. व्हिडिओ चांगला होता, खरंच. मित्राला मागे बसवून मोटरसायकलवरून हिमाचलातल्या मनालीकडून स्पीतीला निघालेला, कुंझुमच्या खिंडीत वाऱ्यात बोबडी वळलेली, स्पीतीतल्या काझाच्या बाजारात मराठीत ‘इथं वडापाव नाही मिळत बरं का’ म्हणून हसणारा. आमच्याकडचं बोलणं तसंच ठेवलं होतं, पुण्याचं करायला गेला नव्हता. ते मला फार आवडलं. व्हिडिओवर मोठ्या पिवळ्या अक्षरांत लिहिलं होतं की एवढ्या-एवढ्या हजारांत स्पीती. रक्कम इतकी लहान होती की माझ्यातली अर्जनवीस जागी झाली.

‘गाडी कोणाची?’ मामाची. ‘पेट्रोल?’ ते धरलंय, जातानाचं. ‘येतानाचं?’ मित्राने घातलं. ‘क्लच प्लेट गेली म्हणालास, ती?’ ती नाही धरली, ती ट्रिपचा खर्च नाही ना. ‘राहायचं?’ तंबू होता. ‘तंबू कोणी दिला?’ एका दुकानाने दिला होता, व्हिडिओत दाखवायच्या बोलीवर. ‘मग परत कसा आलास, पैसे संपले असतील की.’ इथे तो थांबला. मग म्हणाला, क्लच प्लेटचे पैसे नव्हते, म्हणून काझाजवळच्या एका घरगुती होमस्टेत पंधरवडाभर राहिलो, भांडी घासली, पाहुण्यांच्या खोल्या झाडल्या, मटार तोडायला गेलो. मालकीणबाईने जेवायला घालून वर पैसे दिले. तिच्याकडून थुकपा, म्हणजे तिकडचं शेवयांचं सूप, करायला शिकलो.

‘हे कुठल्या व्हिडिओत आहे?’
‘नाही टाकलं. भांडी घासलेली कोण बघणार?’

माझ्या मते त्याच्या वर्षातला सगळ्यात मोलाचा भाग तोच होता. आणि तो ना यूट्यूबवर होता, ना कॉलेजला द्यायच्या कागदावर. यूट्यूबवर तो स्वस्तात जग जिंकणारा पठ्ठ्या होता आणि कागदावर आजारी. दोन्ही ठिकाणी खरं सोडून सगळं. मला या पत्रातून एवढंच म्हणायचं आहे: वर्ष घ्या, फिरा, व्हिडिओ करा, पण त्या वर्षाचा हिशेब खरा मांडा, आणि तो खरा मांडता यावा अशी सोय बाकीच्यांनी करा.

कुणाला वाटेल बाई जुन्या विचारांची आहे, पोरांनी घरात बसावं असं तिला वाटतं. तसं नाही. आमच्या घरी जेवताना टीव्हीवर मुक्ता नार्वेकर, जीवन कदम, सोमनाथ नागवडे लागलेले असतात. माझ्या सासूबाई कधी जिल्ह्याबाहेर फारशा गेल्या नाहीत, पण कोकणातली आणि घाटावरची कितीतरी गावं त्यांनी या मंडळींच्या मागे बसून पाहिली. लिफ्ट मागत देशोदेश फिरणारा बिहारचा नोमॅड शुभम आमच्या पुतण्याला तोंडपाठ आहे. मराठीतून बोलून, गावातल्या माणसाला बोलतं करून फिरता येतं हे या लोकांनी दाखवलं आणि ते छोटं काम नाही. माझी तक्रार त्यांच्यामागून जे हजारोंनी उभे राहिलेत त्यांच्याबद्दल आहे, आणि तीही प्रेमाची आहे.

यूट्यूबच्या पैशाचं गणित मला आता पाठ झालंय, कारण त्याचीही कागदपत्रं माझ्याच टेबलावर येतात. जाहिरातींतला वाटा हवा तर चॅनेलला १,००० सबस्क्रायबर लागतात आणि वर्षभरात व्हिडिओ मिळून ४,००० तास बघितले गेलेले लागतात, नाहीतर शॉर्ट्सना, म्हणजे छोट्या उभ्या व्हिडिओंना, ९० दिवसांत १ कोटी व्ह्यूज. लांब व्हिडिओंच्या जाहिरातीतला ५५ टक्के हिस्सा चॅनेलवाल्याचा, शॉर्ट्सला ४५. खात्यात १० डॉलर जमले की गूगल घरच्या पत्त्यावर साध्या टपालाने पिन पाठवतं. तो पिन भरल्याशिवाय पैसे सुटत नाहीत, आणि भरला तरी १०० डॉलर होईपर्यंत बँकेत काही येत नाही. अमेरिकेत बसून कुणी व्हिडिओ बघितला तर त्या कमाईवर तिकडचा कर कापला जातो, म्हणून तिकडच्या करखात्याचा फॉर्म भरायचा. आमच्या डोंगरातल्या वस्तीवरची पोरं तोही भरतात, आणि त्यातलं इंग्रजी समजावून घ्यायला माझ्याकडे येतात. मला कुठलं कळतंय! आम्ही दोघं मिळून वाचतो.

एका मुलाचा पिन येईचना. पत्त्यात नुसतं वस्तीचं नाव, त्यामुळे लिफाफा दूध डेअरीत पोचला होता आणि डेअरीवाल्याने तो फॅटच्या स्लिपांच्या गठ्ठ्यात खोचून ठेवला होता. पोरगं रोज सकाळी तिथेच दूध घालत होतं. पिन सापडला तेव्हा त्याने पेढे वाटले. पहिले शंभर डॉलर त्यानंतर कधी झाले, झाले की नाही, हे मी विचारलं नाही; त्या दिवसानंतर तो पेढे घेऊन आला नाही एवढं खरं.

हे सगळं कुठल्याच व्हिडिओत का नसतं? ‘नोकरी सोडली आणि फिरायला लागलो’ असं सांगणारे शंभर सापडतील. ‘चॅनेलमधून महिन्याला इतके मिळतात, त्यातले इतके प्रवासात जातात, आणि उरलेला खर्च बाबांच्या पेन्शनमधून होतो’ असं सांगणारा एखादाच. ज्याच्या घरी पेन्शन आहे त्याने ती वापरावी, त्यात लाजण्यासारखं काय आहे? पण खोऱ्यातला पोरगा ते बघून कॉलेज सोडतो तेव्हा त्याला वाटतं की रस्ताच पैसे देतो.

गॅप इयर ही चाल विलायतेची. तिथे ती कशी चालते हे आपल्या लेखात यायला हवं होतं. तिकडे मुलं आधी विद्यापीठात अर्ज करतात, जागा पक्की करतात आणि मग प्रवेश एक वर्ष पुढे ढकलून फिरायला जातात. इंग्लंडमध्ये प्रवेशाच्या अर्जातच तशी सोय आहे. ओबामांची थोरली मुलगी २०१६ मध्ये एक वर्ष थांबली तेव्हा हार्वर्डची जागा तिच्या हातात होती. आमचा मुलगा निघतो तेव्हा हातात काही नसतं, उलट असलेलं सुटतं. नाव कॉलेजात नाही म्हटल्यावर आदिवासी विकास विभागाच्या वसतिगृहातली कॉट जाते. महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावरच्या शिष्यवृत्तीच्या अर्जात खंडाचा रकाना भरावा लागतो. राजर्षी शाहू शिष्यवृत्तीत तर अभ्यासक्रम चालू असताना दोन वर्षांचा खंड पडला की माणूस बाद. बस पासही जातो. हे सगळं परत मिळवायला पुढचं वर्ष आणि माझं टेबल.

मुलींचं आणखी अवघड. एक मुलगी आली होती, बी.ए.ची, वडील पिकअप चालवतात. वडिलांबरोबरच ती नाशिक, सुरत, इंदूर अशी पिकअपमध्ये बसून फिरली होती आणि महामार्गावरच्या धाब्यांवर, ट्रकवाल्यांवर, रात्री कुठं थांबायचं आणि बाईमाणसाने बाथरूमला कुठं जायचं यावर व्हिडिओ केले होते. शेवटचा विषय मी तरी दुसऱ्या कुठल्या चॅनेलवर पाहिला नाही. तरी कागदावर ‘घरगुती अडचण’ लिहा असा वडिलांचाच आग्रह. ‘पोरगी ट्रकवाल्यांत फिरली असं सरकारी कागदावर नको, उद्या सोयरिकीला कोणी काढून दाखवलं तर?’ मुलगी खाली मान घालून नखं बघत होती. मला जे सांगितलं तेच मी टाइप केलं. शपथ त्यांची, बोटं माझी.

आता हिशेबाचा दुसरा भाग. तो आमच्या तालुक्याच्या जिवाशी खेळणारा आहे.

भंडारदऱ्याचे काजवे मे महिन्याच्या शेवटी दिसायला लागतात आणि पहिला जोराचा पाऊस झाला की संपतात. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ या झाडांवर ते बसतात. उजेड हीच त्यांची आपसातली बोली, नर-मादी एकमेकांना त्यावरून शोधतात. गाडीचे दिवे, टॉर्च, फोनचा फ्लॅश लागला की ती बोलीच बंद पडते. हे घाटघर, मुरशेत, पांजरे, उडदावण्याच्या कुठल्याही पोराला माहीत आहे. पण व्हिडिओ शूट होतो मे अखेरीस, एडिट होऊन चढतो जुलैत, आणि त्यावर महिना लिहिलेला नसतो. मग जुलैच्या दुसऱ्या-तिसऱ्या शनिवारी धो धो पावसात गाड्या येतात आणि शेंडीच्या नाक्यावर काचा खाली करून विचारतात, ‘काजवे कुठं बघायला मिळतील?’ सांधणचं तर याहून वाईट. साम्रदची ती घळ हिवाळ्यात उतरायची जागा आहे. पावसाळ्यात वरचं सगळं पाणी त्याच फटीतून खाली जातं. हिवाळ्यातला व्हिडिओ बघून लोक ऑगस्टमध्ये दोर न घेता येतात आणि गावातल्या पोरांनी अडवलं की वाद घालतात: ‘व्हिडिओत तर लोक चालत गेलेत.’ गेलेत, जानेवारीत. कॅमेऱ्यापुढे ‘जानेवारी’ हा शब्द उच्चारायला किती वेळ लागतो?

जुलै २०२४ मध्ये रायगड जिल्ह्यात कुंभे धबधब्यावर प्रवासाचे व्हिडिओ करणारी एक तरुण मुलगी दरीत पडून गेली. तिच्याबद्दल समाजमाध्यमांवर लोक जे बोलले ते वाचवत नव्हतं, आणि मला त्यात भर घालायची नाही. मी फक्त एवढं म्हणेन की दोर, वाटाड्या आणि हवामान या तीन गोष्टी व्हिडिओतून कापल्या जातात. त्या असतात तेव्हाही कापल्या जातात, कारण दोर दिसला की थरार कमी होतो. बघणाऱ्याला वाटतं, लागत नसेल.

वाटाड्याला दिलेले पैसेही कापले जातात. किंवा दिलेलेच नसतात. कळसूबाईच्या पायथ्याला, बारीत, माझ्या नात्यातली एक वहिनी जेवण देते. तांदळाची भाकरी, पिठलं, ठेचा, मागितलं तर गावठी कोंबडीचा रस्सा. गेल्या हिवाळ्यात चार जण आले, चुलीपुढे बसून तासभर शूटिंग केलं, तिला ‘मावशी, जरा परत भाकरी थापा ना, अँगल नाही मिळाला’ म्हणून तीन-तीनदा थापायला लावली, पोटभर जेवले आणि निघताना म्हणाले, ‘मावशी, कोलॅब करू, तुमची फुकट जाहिरात होईल.’ वहिनीला वाटलं कोलॅब म्हणजे गूगल पेसारखं काहीतरी. ती मोबाइलकडे बघत राहिली, पैसे यायची वाट बघत. तो व्हिडिओ पुढे पुष्कळ चालला असं तिचा मुलगा सांगतो. त्यात ती आहे, तिची भाकरी आहे, तिचं नाव नाही, गावाचं नाव नाही, फोन नंबर नाही. ‘सह्याद्रीतली एक आजी’ असं लिहिलंय. ती पंचेचाळीसची आहे. तिला त्या फुकट जेवणापेक्षा ‘आजी’चा राग जास्त आहे.

फुकट मिळालेल्या गोष्टींबद्दल कायदाही आहे, आणि तो चॅनेलवाल्यांना माहीत नसतो असं मुळीच नाही. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने नियम सांगितले की पैसे, वस्तू, सहल किंवा हॉटेलातला मुक्काम फुकट घेऊन शिफारस करत असाल तर तसं स्पष्ट दाखवा. बारीक अक्षरांत खाली नव्हे, व्हिडिओतच. आणि ज्या भाषेत शिफारस, त्याच भाषेत. म्हणजे मराठी व्हिडिओत कोपऱ्यात इंग्रजीत दोन शब्द टाकून भागत नाही; ‘जाहिरात’ असं मराठीत लिहायला हवं. मी मराठी प्रवासाचे इतके व्हिडिओ बघते, तो शब्द क्वचितच दिसतो. करखात्यालाही हे फुकटचं कळतं. जुलै २०२२ पासून वर्षात २० हजार रुपयांवरच्या अशा भेटींवर १० टक्के कर कापायचा नियम आहे. त्या मुलाचा तंबू यात बसत नव्हता म्हणा, तेवढा भारी नव्हता तो.

आता कॉलेजांचं. नवं शैक्षणिक धोरण म्हणतं की मुलाला एका वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन, दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडता येईल, आणि पुढे परत येता येईल. पूर्ण केलेल्या अभ्यासाचे श्रेयांक, म्हणजे क्रेडिट, साठवायची बँक २०२१ मध्ये निघाली, मिळवलेले क्रेडिट त्यात सात वर्षांपर्यंत टिकतात असं नियम सांगतो. कागदावर दार उघडं आहे. मग त्याच दारातून परत येणाऱ्याकडून ‘मी गैरकृत्य केलेलं नाही’ हे कशाला लिहून घेता? त्या नमुन्यातलं ते एक वाक्य काढा आणि त्या कोऱ्या जागेपुढे छापा: ‘या काळात काय केले, कोठे राहिलात, खर्च कोणी केला.’ भांडी घासली, मटार तोडले, पिकअपमध्ये फिरले, असं लिहिणाऱ्याला प्रवेश नाकारणार नाही एवढं विद्यापीठांनी एका परिपत्रकात सांगावं. ‘आजारपण’ लिहिणारी निम्मी पोरं दुसऱ्या दिवशी बरी होतील.

त्या स्पीतीवाल्या मुलाचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. मी त्याला म्हटलं, कलम २३६ खाली माझं टायपिंग नाही, तुझी सही आहे, विचार करून सांग. तो बाहेर जाऊन वडिलांना फोन करून आला आणि म्हणाला, लिहा खरं. आम्ही लिहिलं: ‘सदर कालावधीत मी हिमाचल प्रदेश व जम्मू येथे प्रवास केला, प्रवासाच्या चित्रफिती तयार केल्या, तसेच स्पीती येथे एका घरगुती निवासव्यवस्थेत मजुरी केली. प्रवासाचा खर्च माझे मामा, मित्र व स्वतःची मजुरी यांतून झाला.’ ‘चित्रफिती’ त्यालाच सुचलं, मी ‘व्हिडिओ’ टाकणार होते. नायब तहसीलदारांनी ते दोनदा वाचलं, चष्मा वर करून त्याच्याकडे बघितलं, आणि मटार कुठल्या महिन्यात निघतो तिकडे असं विचारलं. मग सही केली. कॉलेजनेही घेतलं. काही विचारलं नाही, वाचलं असेल असंही वाटत नाही.

हाच मजकूर चॅनेलवाल्यांनी व्हिडिओच्या सुरुवातीला दहा सेकंद दाखवला तर बिघडेल का? ‘हा प्रवास अमुक महिन्यात केला. गाडी मामाची. तंबू फुकट मिळाला, त्या दुकानाची ही जाहिरात. वाटाड्या अमुक गावचा, त्याला इतके दिले. जेवण अमुक वहिनींकडे, त्यांचा नंबर खाली. चॅनेलची आजवरची कमाई इतकी.’ संपादक महोदय, आपल्या पुरवणीत पुढच्या वेळी फिरस्त्या मुलांचे फोटो छापाल तेव्हा फोटोखालीही एवढं मागून घ्या. पत्रकाराने विचारलं तर सांगतील ते, मुलं लबाड नाहीत.

आमच्या भागात चॅनेल चालवणाऱ्या कोणाला असा मजकूर नीट करून हवा असेल तर कचेरीच्या वेळेत यावं, टाइप करून देईन. नेहमीचा दर पडेल. कोलॅब करत नाही.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक अर्जनवीस,
अकोले, जि. अहिल्यानगर
(नाव छापू नये ही विनंती. गिऱ्हाइकं ओळखतात, पण वहिनी भांडेल.)